भाड्याचं रुखवत

शिवणकाम शिकवणाऱ्या बाईला शाळेत कोणी पुरती बाई समजत नाही. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास मला, साहेब यायचे असले की स्वागताची रांगोळी मला. पांढरकवड्याच्या मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षं सुईदोरा शिकवला, आणि निवृत्त झाले त्या दिवशी फळ्यावर माझ्याच निरोपाची वेलबुट्टी मीच काढली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे थोडं तक्रार म्हणूनच सांगते आहे.

शाळेतून मी घरी आणली ती एक पत्र्याची पेटी. वर्षाच्या शेवटी मुली जे सामान टाकून जात, ते मी तिच्यात भरत आले होते. लोकरीचे अर्धे गुंडे, मॅटीच्या कापडाचे तुकडे, क्रोशाचा दोरा, काचमणी, टिकल्या, आरसे, सॅटिनच्या रिबिनी, पिशव्या विणायची प्लास्टिकची वायर, एकेकटी बटणं. काही मुलींनी तर अर्धा पोपट विणून सोडून दिला होता, तोही मी ठेवला होता. टाकवत नसे. 'कधीतरी कामात येईल' असं म्हणत माणूस जे साठवतो ते बहुतेक कधीच कामात येत नाही, हे मला ठाऊक होतं, पण पेटीला डांबराच्या गोळ्या मी नेमाने घालत होते.

लग्न मी केलं नाही. का केलं नाही, असं विचारणारे सगळे आता म्हातारे झाले, त्यामुळे तो विषय संपला. माझं दोन खोल्यांचं घर आहे आणि मागे घरापेक्षा मोठं परस. पेरूचं झाड, गवती चहा, कुंपणावर वालाचा वेल, मोरीच्या पाण्यावर माजलेली कर्दळ. माझा धाकटा भाऊ मुकुटबनला शेती करतो. त्याची मुलगी, माझी भाची, अकरावीपासून पदवी होईपर्यंत पाच वर्षं माझ्याकडे शिकायला होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या परीक्षांना मी जागले, तिचा पहिला पगार झाला तेव्हा पेढे आधी माझ्याकडे आले. तिच्या आईला हे कधीकधी खुपायचं. मला ते कळायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

गेल्या दिवाळीत तिचं लग्न ठरलं. मुलगा राजूरचा, कोळशाच्या खाणीत नोकरीला. फराळाचं ताट मांडीवर घेऊन ती म्हणाली, "आत्या, माह्यं रुखवत तूच करजो हं. दुसऱ्या कोणाच्या हातचं मले नाही पाह्यजे."

आता रुखवत म्हणजे काय ते सांगायला नको. पण त्यातलं एक गुपित सांगते. टेबलावर पाटी असते 'वधूच्या हातचे', आणि वस्तू केलेल्या असतात कुणा मावशीने, मामीने नाहीतर माझ्यासारख्या बाईने. गावातल्या कितीतरी मुलींची रुखवतं मी अशी केली आहेत. फक्त माझा एक नियम होता. प्रत्येक वस्तूत मुलीने स्वतः एक तरी टाका घालायचा, एक तरी मणी ओवायचा. म्हणजे पाटी अगदीच खोटी ठरत नाही. मुली हसत हसत यायच्या, टाका घालायच्या, चहा पिऊन जायच्या.

भाचीच्या वेळी मी आणखी एक ठरवलं. दुकानातून काही आणायचं नाही. जे करायचं ते पेटीतल्या सामानातून, आणि कमी पडेल ते परसातून. ती पेटी या एका मुलीसाठी रिकामी करायची. तिलाही हे फार आवडलं. दर रविवारी ती मुकुटबनहून बसने यायची, मागच्या दाराच्या पायरीवर बसायची आणि मी पुढे करीन त्यात टाका घालायची.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा होता. सकाळी झाडांना पाणी घालून झालं की पेरूखाली सतरंजी अंथरायची, पेटी ओढत आणायची आणि ऊन पाठीवर घेत बसायचं. शेगडीवर गवती चहा उकळत असायचा. परीक्षेच्या तारखा नव्हत्या, घंटा व्हायची नव्हती, कोणाचा तास घ्यायचा नव्हता. कर्दळीच्या बिया मी ओल्या असतानाच सुईने टोचून ठेवल्या, कारण वाळल्या की त्या दगड होतात. त्यांचे काळेभोर मणी झाले. त्या अर्ध्या पोपटाला मी दुसरा अर्धा विणून दिला. हिरवा जुळला नाही, म्हणून त्याचा एक पंख पोपटी आणि एक शेवाळी झाला, पण तोरणात तो सगळ्यात ऐटबाज दिसायचा. सप्तपदीच्या सात सुपाऱ्यांना क्रोशाची सात आसनं केली. मॅटीचे तुकडे जोडून बसायला अंथरायचा पट केला, ट्रेवर टाकायचा रुमाल केला.

सगळ्यात जीव ओतला तो बंडीत. कापसाने भरलेली बैलबंडी. चाकांसाठी जुन्या प्लास्टिकच्या बांगड्यांना लोकर गुंडाळली, बैल पांढऱ्या लोकरीचे, शिंगांना उरलेल्या टिकल्या. आणि वरचा कापूस खरा, भावाच्या वावरातला, सरकीसकट. भाचीने त्या बैलांना डोळे लावले. एक बैल तिच्या हातून तिरळा झाला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघून इतक्या हसलो की शेजारीण कुंपणापाशी येऊन काय झालं ते विचारू लागली.

संक्रांतीनंतर ती जरा गप्प गप्प असायची. लग्नाआधी मुली होतातच अशा, असं मी मनाशी म्हटलं आणि तिच्यासाठी तिळाची वडी वेगळी काढून ठेवत राहिले. मार्च संपता संपता पेटीचा तळ दिसला. तळाला नुसत्या डांबराच्या गोळ्या आणि एक गंजकी सुई राहिली. मला इतका आनंद झाला की मी ती पेटी पुसून उन्हात उलटी घातली आणि दिवसभर येता-जाता तिच्याकडे पाहिलं.

लग्न वणीला होतं, हॉलमध्ये. मी ओळखीच्या गाडीवाल्याला सांगून पहाटेच निघाले. चार खोकी होती. बंडीचं खोकं सबंध रस्ता मांडीवर धरलं होतं. ऊन तापायच्या आत सगळं मांडून व्हावं, असा हिशेब.

हॉलमध्ये शिरले आणि पाहिलं, तर रुखवताचं टेबल भरलेलं होतं. सोनेरी पालखी, तिच्यात लुकलुकणारे दिवे. थर्माकोलचा राजवाडा, त्यावर दोघांची नावं कापून चिकटवलेली. कारंजं होतं, त्यातून खरं पाणी उडत होतं. सप्तपदीही होती, प्रत्येक पावलाखाली रंग बदलणारा दिवा. आणि मध्यभागी पाटी: 'वधूच्या हातचे'.

मी खोकं हातात घेऊन उभी. भावजय पदर खोचून लगबगीने आली.

"ताई, आल्या का? तुमचे डबे त्या मागच्या खोलीत ठेवा. मंग पाहू कुठं मांडता येते ते."

मागच्या खोलीत तांदळाची पोती होती आणि पाण्याचे जार. तिथे माझी चार खोकी गेली, आणि तिथेच राहिली. ते 'मंग' काही आलं नाही.

मी हॉलमध्ये आवाज चढवला नाही. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, चेहरा कसा ठेवायचा हे मला येतं. अक्षता टाकल्या, फोटोत हसले. पण एक गोष्ट सहन झाली नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई, गर्दीतून वाट काढत आली आणि पाया पडून म्हणाली, "बाई, रुखवत पाह्यलं अन् दुरूनच ओळखलं. हा तुमचाच हात!" ती त्या लुकलुकणाऱ्या पालखीकडे बोट दाखवत होती. बत्तीस वर्षांचं शिकवणं एका वाक्यात पाण्यात गेलं. मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. 'नाही' म्हटलं असतं तर भाचीच्या पाटीवर बोट आलं असतं, म्हणून मी त्या बाईच्या मुलांची नावं विचारली.

पंगती उठल्यावर भाची साडी बदलायला खोलीत एकटी होती. मी आत गेले आणि दार लोटलं.

"कधी ठरलं हे?"

"काय व आत्या?"

"टेबलावरचं."

ती पिना काढायची थांबली. "संक्रांतीच्या आधी. मीच म्हटलं पप्पाले. आता सारेच भाड्यानं आणतेत. फोटो निघतेत, व्हिडिओ होते. तुह्यावालं जरा जुनं वाटलं असतं व."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"पप्पा म्हणे, करू दे तिले. रिटायर झाल्यापासून घरात एकटीच राह्यते, तेवढाच तिचा वेळ जाते. अन् तुले करमत होतं ना. मी पाह्यत होती ना."

"अन् दर रविवारी येऊन टाके कायले घालत होती?"

"तुले बरं वाटावं म्हणून," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाटत होतं की हे ऐकून मला बरं वाटेल.

मी तिच्या अंबाड्यातली अडकलेली पिन काढून दिली आणि बाहेर आले.

रुखवत मांडलं नाही, हे मी आठ दिवसांत विसरले असते. नवी पिढी, नवे शौक, मी काही इतकी कोती नाही. पण त्यांनी माझे रविवार काढून घेतले होते. ज्या हिवाळ्याला मी माझं सुख समजत होते, त्याला भावाच्या घरात 'तिचा वेळ जाते' म्हणत होते. ती पायरीवर बसून मणी ओवत होती तेव्हा तिला माहीत होतं की हा मणी कुठेच जाणार नाही. बैलाचा डोळा तिरळा झाला तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. मी बैलाला हसले होते. ती कशाला हसली होती, ते आता मला कोण सांगणार? आजारी माणसाने पेज संपवली की घरचे जसे एकमेकांकडे बघतात, तसे हे लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला पेज वाढली जाते आहे हेही मला कळलं नव्हतं. माझ्या सख्ख्या भावाने हे केलं. आणि ज्या मुलीच्या वेण्या मी घातल्या तिने हे केलं. दुसरा शब्द मला सापडत नाही, हा दगा होता.

संध्याकाळी मी माझी खोकी त्याच गाडीत घालून परत आणली. कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागारागाने मी सगळी खोकी फोडली. फेकून द्यायचंच ठरवलं होतं. पण हातात घेतल्यावर माझ्या ध्यानात आलं की आजवर मी स्वतःसाठी एक साधा रुमालही विणलेला नाही. माझ्या चहाच्या ट्रेवर वर्तमानपत्र असायचं. माझ्या दाराला बाजारातलं प्लास्टिकचं तोरण होतं, तेही शेजारणीने दिलेलं. मग मी हट्टाला पेटले. तोरण मागच्या दाराला लावलं, परसाकडे तोंड करून, कारण पुढच्या दाराचं कौतुक करायला जे येतात ते मला त्या दिवसांत नकोच होते. पट पेरूखाली अंथरला आणि त्यावर सरळ बसले. ट्रेवर रुमाल टाकला आणि पहिल्याच सकाळी त्यावर चहा सांडला. बंडी मागच्या खिडकीत ठेवली. दुपारपर्यंत एक खार तिथे आली आणि वरचा कापूस ओढून ओढून न्यायला लागली. मी तिला हाकललं नाही. निदान ती तरी काही दाखवायला नेत नव्हती.

ऊन चढायच्या आधीचा तो तासभर, पाणी घातलेल्या मातीचा वास, वालाच्या शेंगा तोडून पदरात टाकणं, आपणच केलेल्या पटावर पाय पसरून बसणं. मधेच डोळे भरून यायचे, आणि तरीही मला ते छान वाटत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला या वयात कळलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ आणि भावजय आले. भाऊ बसलाच नाही.

"बाई, राजूरले परवा पूजा आहे. तिकडच्या बाया रुखवत पाह्याले येणार आहे."

मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा हसू आलं. आमच्याकडे रुखवत मुलीबरोबर सासरी जातं आणि पूजेच्या दिवशी तिथे पुन्हा मांडतात, गल्लीतल्या बायका बघायला येतात. हे या भागातल्या लहान पोरीलाही माहीत आहे. पण भाड्याचं ठरवताना घरात एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. डेकोरेशनवाला शेवटच्या पंगतीबरोबर पालखी, राजवाडा, कारंजं, सगळं गाडीत घालून घेऊन गेला. वरात निघताना भाचीच्या सासूने विचारलं, "रुखवत कोणत्या गाडीत ठेवलं?" आणि भावजय बोलून गेली, "मागून येते."

"मग?" मी विचारलं.

"मग तुह्यावालं दे ना."

"माह्यावालं जुनं वाटते ना."

भाऊ जमिनीकडे पाहत राहिला. "पोरीची तिथं पह्यलीच वेळ आहे व बाई. लाज जाईन तिची."

"तिनं सांगितलं का, आत्याकडून आणा म्हणून?"

"हाव."

"मग फोन काहून नाही केला तिनं?"

भावजय तोवर मागच्या दाराच्या तोरणाकडे वळली होती.

मी रुखवत दिलं. तोरण उतरवलं, पट झटकला, खारीने नेलेल्या कापसाच्या जागी उशीतला काढून भरला. का दिलं? त्या मुलीला अनोळखी घरात दहा बायांसमोर मान खाली घालून उभी राहिलेली मला बघवली नसती. इतकंच. फक्त ट्रेवरचा रुमाल ठेवून घेतला. भावजय त्याच्याकडे पाहत म्हणाली, "धुतला त डाग निघते ना, ताई?" "नाही निघत," मी म्हटलं. तो निघाला असता.

पूजा झाली. मला कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

महिनाभराने भाचीचा फोन आला. आवाज अगदी पहिल्यासारखा, जणू मधे काही झालंच नव्हतं.

"आत्या, सगळ्याइले लय आवडलं व! सासूबाईनं बंडी काचेच्या कपाटात ठेवली. आल्या-गेल्याले दाखवतेत. त्याइले वाटते, मीच केलं सगळं."

"मग तू काय म्हटलं?"

"मी काहीच नाही म्हटलं." मग म्हणाली, "दिवाळीनंतर नणंदेचं लग्न आहे. सासूबाई म्हणे, रुखवत तूच करजो. मी हाव म्हटलं. आत्या, तू करून देशील ना? मी दर रविवारी येईन. पह्यल्यासारखी."

दर रविवारी. खरं सांगते, माझा जीव आधी हो म्हणाला. डोकं मागून आलं.

"या वेळी कोणाले बरं वाटावं म्हणून येशील?" मी विचारलं.

"असं काय व आत्या?" ती म्हणाली.

"ये," मी म्हटलं. "पण करणार तू. मी शिकवीन."

"आत्या, मले कुठं येते?"

ते ऐकून मी गार पडले. पाच वर्षं ही मुलगी शिवणकामाच्या बाईच्या घरात राहिली आणि तिला काही येत नाही. तिच्या हातात मी तयार वस्तू दिली, एक टाका घालून घेतला आणि कौतुक केलं. ती खोटं वागली, पण असं एका टाक्यावर नाव लावायला तिला मीच शिकवलं होतं. हे कळल्याने राग कमी झाला असं मात्र नाही. उलट, तो ठेवायला आता दोन जागा झाल्या.

"मग सासूले खरं सांग," मी म्हटलं.

"आता कसं सांगू व?"

"तीन महिने माह्यासमोर बसून खोटं निभावलं. त्याइच्यासमोर एक वाक्य खरं बोलाले काय होते?"

फोन तिने ठेवला की मी, ते आठवत नाही.

त्याला आता कितीतरी रविवार झाले. तिने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ती आलेली नाही. मी सकाळी झाडांना पाणी घालते, डाग पडलेला रुमाल ट्रेवर टाकते, चहा घेते, आणि तिच्यावर मनापासून चिडते. पण मी मला चांगली ओळखते. उद्या फाटक वाजलं आणि ती दारात उभी राहिली, तर मी राग गिळून तिला बसायला देईन, चार दिवस शिकवल्यासारखं करीन, आणि ती बसने गेली की तिने चुकवलेलं सगळं उसवून रातोरात स्वतः करून ठेवीन. तिच्यापेक्षा मला याचाच जास्त राग येतो.